कॉफी कडूच असते काय?

आमच्या घरी चहा रोजचा आणि कॉफी पाहुण्यांची. त्यातही पाहुणे जरा वजनदार असले, म्हणजे सोयरिकीचे बोलणे करायला आलेले किंवा पुण्यामुंबईकडचे, तरच फडताळातला कॉफीचा डबा खाली उतरत असे. आजी पातेल्यात दूध तापवायची, त्यात कॉफीची पूड आणि सढळ हाताने साखर घालायची, आणि शेवटी किसणीवर जायफळ दोनदा फिरवायची. तो वास ओटीपर्यंत आला की पोरांनी ओळखावे, आज कॉफी आहे. त्यामुळे कॉफीचा वास म्हणजे जायफळाचा वास, अशी माझी कॉलेजात जाईपर्यंत प्रामाणिक समजूत होती. पुढे वसतिगृहातल्या एका मित्राने बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी पुढे ठेवली. पहिला घोट घेतला आणि मला काढा आठवला. तेव्हापासून माझ्या समजुतीत एवढीच भर पडली की कॉफी कडू असते आणि तो कडूपणा लपवण्यासाठी बाकीचा सगळा खटाटोप.

श्रोतेहो, तुमच्यापैकी बहुतेकांचा अनुभव याहून फारसा निराळा नसावा. म्हणून आज मी तुम्हांला एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यात एका शेतकऱ्याच्या वर्षाच्या कमाईचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्याच्या जिभेवर होते.

माझा एक जुना विद्यार्थी बँकेच्या नोकरीत चिकमगळूरला आहे. मुलगा मूळचा जत तालुक्यातला, म्हणून कानडी त्याच्या घरचीच. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीत त्याच्याकडे गेलो असता तो मला डोंगरातल्या एका लहान मळ्यावर घेऊन गेला. मळा पाचएक एकरांचा. कॉफीचा मळा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बंगले आणि घोड्यावरचे साहेब येतात. पण आपल्या देशात कॉफी पिकवणारे बहुसंख्य लोक असे पाचदहा एकरवालेच आहेत. उंच झाडांची सावली, त्या झाडांवर चढलेले मिऱ्याचे वेल आणि खाली छातीइतकी वाढवलेली कॉफीची झुडुपे. मळ्याच्या मालकांना सगळे ‘यजमान’ म्हणत. वय सत्तरीच्या घरात. अंगणात कॉफी वाळत पडली होती आणि यजमान फावड्याने ती हलवीत होते.

बोलता बोलता त्यांनी आदल्या वर्षीचे दुःख सांगितले. विद्यार्थी मध्ये बसून मराठी करीत होता. “सर, यजमान म्हणतात, माल डोळ्यांना नेहमीसारखाच होता. दाणा टपोरा, रंग चांगला, वजनात कमी नाही. तरी खरेदीदाराकडच्या चव पाहणाऱ्याने एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. भाव एकदम खाली. यजमानांना वाटलं, आपल्याला फसवलं.”

आता तुम्ही म्हणाल, यात नवे काय? बाजारात शेतकऱ्याला फसवले जातेच. मलाही तसेच वाटले. पण पुढची हकिकत ऐका. मुलाने त्यांना विचारले होते, “यजमान, तुम्ही स्वतः तो माल पिऊन पाहिला का?” तेव्हा असे निघाले की ज्या माणसाने पन्नास वर्षे कॉफी पिकवली, त्याने आपल्या मळ्याची कॉफी दुधाशिवाय आणि चिकोरीशिवाय कधी तोंडात घातलीच नव्हती. उरलेल्या पोत्यातले मूठभर दाणे त्यांनी लोखंडी तव्यावर भाजले, शेजारच्या मळ्यातलेही मूठभर भाजले, आणि दोन पेले शेजारी ठेवून प्यायले. शेजाऱ्याची कॉफी प्यायली गेली. स्वतःची मात्र तोंडाशी नेली आणि खाली ठेवली. तिला शिळ्या ताकाचा, कुजत चाललेल्या कांद्याचा वास येत होता. खरेदीदाराने फसवले नव्हते.

असे कसे झाले? ते समजण्यासाठी कॉफीचे फळ काय असते हे आधी पाहू. कॉफीचे झाड हे अनंताच्या कुळातले. उन्हाळ्याच्या तोंडाशी वळवाची सर पडली की सारा मळा पांढऱ्या फुलांनी भरून जातो आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. मग हिरवी, पुढे लालभडक होणारी, बोराहून लहान फळे लागतात. फळात दोन बिया, पोटाला पोट लावून बसलेल्या. बियांवर चिकट गोड बुळबुळीत थर. आपण पितो ती या बियांची कॉफी. फळाचा गर आपल्या वाट्याला येतच नाही, असे वाटते खरे, पण तो चवीत येतो.

बिया काढण्याच्या मुख्य रीती दोन. एकीत ताज्या फळाची साल यंत्राने काढतात, चिकट बिया टाकीत टाकून साधारण एक ते दीड दिवस आंबू देतात, मग भरपूर पाण्याने धुऊन वाळवतात. अशा कॉफीची चव स्वच्छ असते, तिच्यातला हलका आंबटपणा चटकन कळतो. दुसऱ्या रीतीत फळ सालीसकट अंगणात वाळत घालायचे. इथे बी आठवडेच्या आठवडे गोड गराच्या मिठीत राहते. तासगावकडचा बेदाणा करणारा शेतकरी हे चटकन ओळखील: ताज्या द्राक्षाची चव आणि बेदाण्याची चव यांत जो फरक, तसाच काहीसा हा फरक आहे. सालीसकट वाळवलेल्या कॉफीला जड, पिकल्या फळाची, कधी मद्यासारखी चव येते. पण अंगण ओले राहिले, ढीग हलवला नाही, की बुरशीची चव यायला वेळ लागत नाही.

यजमानांची रीत धुण्याची. त्या आठवड्यात वीज गेली, पंप बंद पडला, आणि धुवायला पाणी नसल्याने एक घाणा टाकीत दोन रात्री जास्त पडून राहिला. तुमच्या घरी इडलीचे किंवा आंबोळीचे पीठ उन्हाळ्यात एक दिवस जास्त राहिले तर काय होते ते गृहिणींना सांगायला नको. नंतर धुतले, वाळवले, बी पुन्हा पांढरेशुभ्र दिसू लागले. तोच घाणा चांगल्या मालात मिसळला गेला आणि सगळी पोती बिघडली. डोळ्यांना पत्ता लागला नाही. जिभेला लागला असता, पण तिला कोणी विचारलेच नाही.

जिभेला म्हणालो खरा, पण यात एक दुरुस्ती केली पाहिजे, आणि ती शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. आपण शाळेत जिभेचे चित्र काढत होतो: शेंड्यावर गोड, कडांना आंबट, मागे कडू. हा नकाशा खोटा आहे. १९०१ साली हेनिग या जर्मन संशोधकाला जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत अगदी बारीक फरक दिसले होते. पुढे इतरांनी ते फुगवून त्यांचा नकाशा केला. चव घेणाऱ्या पेशी जिभेवर सगळीकडे सगळ्या चवी घेतात. शेंड्यावर मिठाचा कण ठेवून पाहा, खारट लागतोच. पण जिभेचे काम तेवढ्यावर संपते: गोड, आंबट, खारट, कडू, आणि आणखी एक दाट, रुचकर चव. बाकी आपण जिला ‘चव’ म्हणतो ती बव्हंशी नाकाची असते. घशाच्या मागून वास नाकात चढतो आणि आपल्याला वाटते, जीभच बोलते आहे. वर्गात करण्याजोगा प्रयोग सांगतो. मुलांना डोळे मिटून नाक घट्ट धरायला सांगा आणि जिभेवर वेलदोड्याचे दोन दाणे चावायला द्या. काय आहे, बहुतेकांना सांगता येणार नाही. मग नाक सोडायला सांगा. सगळा वर्ग एका सुरात ओरडेल.

म्हणूनच कॉफीची चव पाहणारे लोक घोट पीत नाहीत, ओढतात. चमचा ओठाशी नेऊन असा जोरात फुर्रकन आवाज करतात की आपल्याकडे आजोबांनी कान उपटला असता. त्या आवाजाबरोबर कॉफीचे तुषार तोंडभर उडतात आणि वास नाकात चढतो.

आता कडूपणाकडे वळू. कॉफीत कॅफीन असते हे सर्वांना ठाऊक आहे. १८१९ साली रुंगे नावाच्या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते वेगळे काढले. त्याला कॉफीचे दाणे देऊन या कामाला लावणारा गृहस्थ होता महाकवी गटे! तर हे कॅफीन कडू असते, पण कॉफीच्या एकूण कडूपणात त्याचा वाटा थोडा आहे. उरलेला पुष्कळसा कडूपणा भाजण्यात तयार होतो. हिरवट कच्चे बी हुंगून पाहाल तर ओल्या गवताचा, कच्च्या वाटाण्याचा वास येतो, कॉफीचा नाही. भट्टीत ते पिवळे होते, तपकिरी होते, आणि दोनशे अंशांच्या आसपास लाहीसारखे तडतड फुटते. भाकरीला पडलेले डाग, खमंग भाजलेले खोबरे, परतलेला कांदा, या सगळ्यांत जी क्रिया घडते तीच इथे घडते. १९१२ साली मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले, पण आपल्या आज्यांना ती तव्यावरून माहीत होती. या भाजण्यातून वासाची शेकडो द्रव्ये निघतात.

पण थांबायचे कुठे? पहिल्या तडतडीनंतर लवकर उतरवली तर फळाचा आंबटपणा शिल्लक राहतो. आणखी भाजली तर साखर करपू लागते, गुळाच्या पाकासारखी चव येते. काळी कुळकुळीत, तेलकट होईतो भाजली तर कडू आणि धुरकट. आणि मग ती कोणत्या डोंगरातली, कोणत्या जातीची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. करपलेली भाकरी मालदांडीची का दुसऱ्या कोणत्या ज्वारीची, हे कोण ओळखणार? बाजारात मिळणारी पुष्कळशी स्वस्त पूड अशी काळी भाजलेली असते. सामान्य माल लपवायला काळा रंग बरा पडतो. वसतिगृहातला माझा तो काढा बहुधा यातलाच.

जातीही दोन सांगायला हव्यात. अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका थंड, उंच डोंगरात सावकाश पिकते. तिच्यात आम्ल आणि सुगंध जास्त. रोबस्टा खालच्या, उष्ण भागात जोमाने वाढते, रोगाला सहसा दाद देत नाही, आणि तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट. चव जड, कडसर, भाजलेल्या धान्यासारखी. आपल्या देशातल्या पिकापैकी सुमारे सत्तर टक्के रोबस्टाच असते. अरेबिका उच्च आणि रोबस्टा नीच अशी वर्णव्यवस्था कॉफीच्या व्यापारात आहे. मला ती पटत नाही. नीट पिकवलेली, नीट धुतलेली रोबस्टा मी प्यायलो आहे आणि तीत कोको आणि भाजलेल्या शेंगदाण्याची सुरेख चव होती.

हवामानानेही चव बदलते, याचे सर्वांत नवलाचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. पूर्वी मलबारच्या बंदरांतून शिडाच्या जहाजांनी कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जाई. महिनोन् महिने दमट हवेत राहून दाणे फुगत, फिकट पिवळे होत, त्यांतला आंबटपणा निघून जाई. तिकडच्या गिऱ्हाइकांना तीच चव आवडू लागली. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, प्रवास थोडक्या दिवसांचा झाला, आणि कॉफी पोहोचू लागली ती ताजी, हिरवी. गिऱ्हाईक म्हणे, ही आमची कॉफी नव्हे! मग व्यापाऱ्यांनी समुद्रप्रवास गुदामातच आणला. आजही मंगळूरच्या बाजूला पावसाळ्यात, खुल्या हवेशीर गुदामांत, जमिनीवर कॉफी पसरतात, वरचेवर फावड्याने हलवतात, सैल पोत्यांत भरून रचतात, पुन्हा पसरतात. मॉन्सूनचे ओले वारे तीतून खेळते. ‘मॉन्सून्ड मलबार’ या नावाने ती जगभर जाते. चव म्हणाल तर आंबटपणा जवळजवळ नाही, घोट दाट, आणि वास जुन्या शिसवी पेटीचा, मसाल्याच्या डब्याचा. जुना तांदूळ आवडणाऱ्यांना ती आवडेल.

चिकोरीविषयी दोन शब्द, कारण ती तुमच्या घरातल्या डब्यात असण्याचा पुष्कळ संभव आहे. चिकोरी म्हणजे एका झाडाचे मूळ. गुजरातेत, उत्तर प्रदेशात त्याची लागवड होते. ते भाजून, दळून कॉफीत मिसळतात. तिच्यात कॅफीन नाही. ती रंग देते, दाटपणा देते आणि काकवीसारखा कडसर गोडवा देते. दक्षिणेतली फिल्टर कॉफी बहुधा चिकोरी घेऊनच जन्माला येते आणि मी ती आवडीने पितो. यात लबाडी नाही, सांगून मिसळली तर. कायद्याने अशा मिश्रणात निदान एकावन्न टक्के कॉफी हवी आणि प्रमाण डब्यावर छापलेले हवे. ते वाचत जा. न छापता मिसळली असेल अशी शंका आली तर पेलाभर थंड पाण्यावर चिमूटभर पूड टाका. कॉफी तरंगत राहते. चिकोरी तपकिरी रेघा ओढीत तळाला जाते.

माझा विषय मराठीचा, तेव्हा शब्दांवर न बोलता कसे राहवेल! संस्कृतात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत ‘कटु’चा ‘कडू’ झाला आणि अर्थ फिरला. चवीचे शब्द असे घरोघरी फिरत असतात. कॉफीच्या व्यापारात चवींचे एक रंगीत चक्र वापरतात. १९९५ मध्ये अमेरिकेत ते छापले गेले, २०१६ मध्ये नव्याने केले. त्यात ब्लूबेरी आहे, मेपलचा पाक आहे. करणाऱ्यांनी आपल्या बाजारातली फळे घातली, त्यात त्यांचे काही चुकले नाही. पण चिकमगळूरच्या शेतकऱ्याने ब्लूबेरी कुठे पाहिली? आणि आपण तरी? मात्र आपल्याजवळ आमसूल आहे, जांभूळ आहे, कवठ आहे, चिंचेचा कोळ आहे, काकवी आहे, भाजलेली खसखस आहे, पहिल्या पावसाची माती आहे. ज्याच्याजवळ चवीला शब्द नाही, त्याने ‘बरी आहे’ म्हणायचे आणि ज्याच्याजवळ आहे त्याने भाव ठरवायचा. आपल्याकडे गुळाचे काय झाले ते आठवा. तोंडात घालून पारखायचा माल आपण रंगावर पारखू लागलो, आणि मग पिवळाधमक दिसावा म्हणून काहिलीत काय काय पडू लागले ते गुऱ्हाळवाल्यांना विचारा.

तुम्हांला हे घरी करून पाहायचे असेल तर मोठे सामान लागत नाही. दोन निरनिराळ्या, चिकोरी नसलेल्या पुडी घ्या. दोन पेल्यांत दोन दोन चहाचे चमचे पूड टाका. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबा आणि मग ओता. चार मिनिटांनी वर आलेली साय चमच्याने मोडा आणि त्याच क्षणी नाक जवळ न्या. वास तेव्हाच सर्वांत जोरात येतो. पूड तळाशी बसली की चमच्याने ओढून प्या. लगेच निकाल देऊ नका. गरम असताना कडू लागलेली कॉफी कोमट झाल्यावर फळासारखी लागते, आणि कधी कधी गरम असताना छान लागलेली थंड झाल्यावर आपले दोष उघडे करते. एकच कॉफी चाखून फारसे कळत नाही. दोन शेजारी ठेवल्या की जीभ आपोआप तुलना करू लागते. यजमानांनाही दुसरा पेला शेजारी होता म्हणूनच कळले.

त्यानंतर त्यांनी एक नियम केला. प्रत्येक घाणा वेगळा वाळवायचा, वेगळा ठेवायचा, आणि पोत्याला टाका घालण्याआधी मूठभर भाजून दुधाशिवाय प्यायचा. गेल्या साली माझ्या विद्यार्थ्याचा फोन आला. नव्या हंगामाच्या पहिल्या घाण्याची कॉफी यजमानांनी ओढून प्यायली, थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, “मुरुगलु!”

“सर, मुरुगलु म्हणजे आपलं आमसूल,” विद्यार्थी म्हणाला. “खरेदीदाराच्या कागदावर त्याच मालापुढे कुठल्याशा परदेशी फळाचं नाव होतं. पण भाव चांगला लागला. आता यजमानांनी दोन्ही नावं नमुन्याच्या डब्यावर लिहून ठेवलीत, वर कानडी आणि खाली ते दुसरं.”